आइव्ह्जचे चार व्हायोलिन सोनाटा: हिलरी हान चुकत नाहीये, ते लिहिलंयच तसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी वेस्टर्न व्हायोलिन शिकतेय, व्हायोलिनच्या परीक्षांच्या सहाव्या ग्रेडच्या आसपास आहे, टीचरनी तिला अमेरिकन व्हायोलिनवादक हिलरी हानने वाजवलेले चार्ल्स आइव्ह्ज या अमेरिकन कंपोझरचे चार सोनाटा (व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या, काही भागांत लिहिलेल्या रचना) ऐकायला सांगितले. घरी लावल्यावर आईबाबा चक्रावले. पियानो एकीकडे चाललाय, व्हायोलिन दुसरीकडे, मध्येच एखादी साधी गोड चाल येते आणि धड पूर्ण व्हायच्या आत विस्कटते. बाख इतका स्वच्छ वाजवणारी बाई इथे असं का वाजवते, रेकॉर्डिंग गंडलंय की रचनाच तशी आहे, आणि अमेरिकन क्लासिकल म्हणजे सगळं असंच असतं का?

रेकॉर्डिंग अजिबात गंडलेलं नाही. हान आणि पियानोवर व्हॅलेंटिना लिसित्सा, दोघी अगदी मोजूनमापून वाजवतायत. २०११ साली डॉइच ग्रामोफोन या कंपनीने हा अल्बम काढला, चारही सोनाटा एकत्र, ऐकायला तासाभराहून जास्त लागतो. जो गोंधळ ऐकू येतोय तो कागदावर सुरासुराने लिहून ठेवलेला आहे. मी वेस्टर्न व्हायोलिन वाजवते आणि शिकवते, यातला चौथा सोनाटा स्टेजवर वाजवलाय, विद्यार्थ्यांकडून बसवूनही घेतलाय, त्यामुळे पुढचं सगळं वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितेय, म्युझिकॉलॉजीवाले दुसऱ्या टोकाने सांगतील आणि तेही बरोबर असेल.

पहिल्यांदा एक फालतू वाटणारी गोष्ट विचारते, ऐकलं कशावर? मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर अर्धा घोळ तिथेच आहे. आइव्ह्जच्या पियानोत डाव्या हाताला खालच्या सप्तकात प्रचंड काम असतं, जाड जाड कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक सूर), लांब धरून ठेवलेले बास सूर, आणि व्हायोलिनची चाल कशाच्या आधाराने उभी आहे किंवा मुद्दाम कशाच्या आधाराने उभी नाहीये, ते तिथूनच कळतं. फोनच्या स्पीकरमध्ये हा खालचा मजला पूर्ण गायब होतो, उरतो उजव्या हाताचा खडखडाट आणि वर एकटं पडलेलं व्हायोलिन, मग ते बेसूर वाटणारच. साधे का होईना हेडफोन लावा, आणि पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करू नका. पहिला सोनाटा चारांतला ऐकायला सगळ्यात आडमुठा आहे, तो सगळ्यात शेवटी ठेवा.

आता हे असं का लिहिलं, त्यासाठी माणूस थोडा माहीत हवा. आइव्ह्जचा जन्म २० ऑक्टोबर १८७४ चा, कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावात. वडील जॉर्ज आइव्ह्ज अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात बँडमास्टर होते, युद्ध संपल्यावर गावी येऊन बँड, चर्चचं गाणं, नाचाला साथ, मुलांना शिकवणं, जे पडेल ते संगीताचं काम करायचे. या माणसाला आवाजांचे प्रयोग करायचा नाद होता. घरच्या पोरांना गाणं एका पट्टीत म्हणायला लावायचं आणि आपण साथ दुसऱ्याच पट्टीत धरायची, का तर कान आणि डोकं दोन्ही ताणलं जावं म्हणून. दोन बँड वेगवेगळी गाणी वाजवत समोरासमोर आले की काय ऐकू येतं याची त्यांना फार मजा वाटायची असं सांगतात. हे वाचून पुण्याच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही, विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात उभं राहिलं की एका पथकाचा ठेका विरत असतो, दुसऱ्याचा चढत असतो, मध्ये काही क्षण दोन्ही एकाच वेळी कानात असतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, चुकत कोणीच नसतं. आइव्ह्जने तेवढे ते काही क्षण उचलले आणि त्यांचं संगीत केलं.

वडिलांची आणखी एक गोष्ट आइव्ह्ज स्वतः सांगायचा. गावातला एक गवंडी प्रार्थनासभेत जोरजोरात आणि पार बेसूर गायचा, कोणीतरी तक्रार केली, तर वडील म्हणाले त्याच्या तोंडाकडे बघ, आवाजाकडे फार लक्ष देऊ नकोस, नाहीतर संगीत हुकेल. मला ही गोष्ट सगळ्या थिअरीपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण या सोनाटांमध्ये जिथे चाल वाकडी होते तिथे बहुतेक वेळा गाणारी माणसं असतात, म्हणजे घसा ताणून गाणारी, मागे पडणारी, पोरं असतील तर पुढे पळणारी.

आइव्ह्ज पुढे येल विद्यापीठात होरेशियो पार्कर या प्राध्यापकाकडे रीतसर जर्मन वळणाचं शिक्षण घेऊन १८९८ ला पदवीधर झाला. म्हणजे त्याला नीट लिहिता येत नव्हतं म्हणून असं लिहिलं, हा आरोप बाद. नंतर त्याने संगीतावर पोट भरायचं नाहीच असं ठरवलं आणि न्यूयॉर्कमध्ये इन्शुरन्समध्ये गेला, मायरिक नावाच्या भागीदाराबरोबर एजन्सी काढली आणि ती चांगली मोठी केली. दिवसा विमा, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी संगीत. याचा परिणाम काय झाला ते वाजवणाऱ्यांना रोज भोगावं लागतं: त्याच्या रचना त्या काळात फारशा कोणी वाजवल्याच नाहीत, त्यामुळे तालमीत बसून "इथे पियानो जड होतोय, हे काढू या" असं जे कुठलाही कंपोझर चारदा करतो ते त्याच्या वाट्याला क्वचित आलं. म्हणून पियानोचा भाग इतका गच्च. त्यात तो जुने कागद परत परत बदलत राहायचा, नेमकी कुठली रचना कुठल्या साली पूर्ण झाली यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, त्यात मी पडत नाही. साधारण १९०० नंतरची पंधरा-वीस वर्षं धरा. १९२६-२७ च्या सुमाराला त्याने नवीन लिहिणं जवळजवळ थांबवलं, आणि १९४७ ला तिसऱ्या सिंफनीसाठी पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा ती सिंफनी लिहून कित्येक वर्षं झाली होती. १९५४ ला गेला.

आता मुख्य गोष्ट. या चार सोनाटांमध्ये ज्या गोड चाली मध्येच येतात त्या आइव्ह्जच्या नाहीतच. त्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन प्रोटेस्टंट भक्तिगीतांच्या, खेड्यातल्या नाचाच्या आणि यादवी युद्धातल्या गाण्यांच्या चाली आहेत. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे कनेटिकट वगैरे ईशान्य अमेरिकेतल्या राज्यांमधल्या श्रोत्याला त्या लहानपणापासून पाठ. आपल्याला पाठ नाहीत, आणि आपली अडचण नव्वद टक्के तीच आहे. जी चाल माहीत नाही ती मोडली तर मोडलीय हेच कळत नाही, नुसता गोंधळ वाटतो. म्हणून माझा सरळ सल्ला, सोनाटा ऐकायच्या आधी दोन-तीन मूळ गाणी ऐका: रॉबर्ट लाउरीचं १८६४ चं "शॅल वुई गॅदर अॅट द रिव्हर", ब्रॅडबरीची चाल असलेलं "जीझस लव्ज मी", आणि परत लाउरीचंच "आय नीड दी एव्हरी अवर". साध्या चर्चमधलं, चार माणसांनी गायलेलं शोधा, ऑर्केस्ट्रावालं नको. गुणगुणता यायला लागलं की मगच अल्बम लावा.

यात एक धागा आपल्याकडे येतो. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत सुरू झालं आणि पुढे नगरला पसरलं, ते बॉस्टनच्या मिशन बोर्डाचं, म्हणजे मुळात न्यू इंग्लंडच्याच काँग्रिगेशनल चर्चमधून आलेलं. मराठी ख्रिस्ती उपासनेत एकीकडे नारायण वामन टिळकांची अभंग-भजनाच्या वळणाची पदं आली आणि दुसरीकडे या पाश्चात्य चालींवरची मराठी गीतंही राहिली. त्यामुळे नगर किंवा मुंबईच्या एखाद्या जुन्या मराठी चर्चमध्ये वाढलेला माणूस हा अल्बम आपल्यापेक्षा खूप सोपेपणाने ऐकेल, त्याला कुठली चाल कुठे वाकवली ते चटकन कळेल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजींनी चौथ्या सोनाटाचा दुसरा भाग ऐकून अर्ध्या मिनिटात ओळखलं आणि म्हणाल्या, अगं हे तर आमच्या रविवारच्या शाळेतलं, पण हा असा का थांबत थांबत वाजवतोय?

आइव्ह्जची चाल मांडायची पद्धत आपल्या सवयीच्या बरोबर उलटी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की बरंच सुटतं. आपण बंदिश आधी मांडतो, मग विस्तार. युरोपियन सोनाटातही थीम आधी येते, मग तिची तोडफोड. आइव्ह्ज तोडफोड आधी करतो. सुरुवातीला चालीचे तुकडे, एखादी तीन सुरांची उडी, एखादा लयीचा झटका, कधी चालीची साथच आधी आणि चाल नाही, असं करत करत शेवटच्या मिनिटात पूर्ण गाणं एकसंध समोर येतं. अभ्यासक याला क्युम्युलेटिव्ह फॉर्म म्हणतात. तिसऱ्या सोनाटाचा शेवटचा भाग याचं सगळ्यात छान उदाहरण, तिथे "आय नीड दी एव्हरी अवर" शेवटाकडे पूर्णपणे उघडतं, आणि आधीची सगळी मिनिटं ज्यासाठी होती ते कळतं. हान इथे फार शहाणपणाने वाजवते. आधीचे तुकडे ती कोरडे ठेवते, व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेलं कंपन) अरुंद, गजाला जोर कमी, आणि पूर्ण चाल आल्यावरच आवाज मोकळा सोडते, तोही बेताने. दुसरा कोणी असता तर प्रत्येक तुकड्याला रडवेलं केलं असतं आणि शेवटी पूर्ण गाणं आलं तेव्हा द्यायला हातात काही उरलं नसतं.

चौथा सोनाटा जरा जवळून बघू, कारण सुरुवात तिथूनच करायचीय आणि सगळा मिळून तो जेमतेम दहा मिनिटांचा आहे. नाव आहे "चिल्ड्रन्स डे अॅट द कॅम्प मीटिंग". कॅम्प मीटिंग म्हणजे उन्हाळ्यात गावाबाहेर उघड्यावर भरणाऱ्या प्रार्थनासभा, आसपासचे शेतकरी कुटुंबासकट येऊन राहायचे, त्यातला एक दिवस मुलांचा. आइव्ह्जने हा आपल्या बारा वर्षांच्या वगैरे पुतण्याला वाजवता यावा म्हणून लिहायला घेतला, पहिला भाग त्या बेतात राहिला, दुसरा हाताबाहेर गेला आणि तिसरा मध्येच कुठेतरी अडकला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मला ही कबुली फार आवडते, शिकवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी मुलांसाठी म्हणून काहीतरी लिहायला घेऊन हेच केलेलं असतं.

पहिल्या भागात पोरं "टेल मी द ओल्ड, ओल्ड स्टोरी" म्हणत कवायत केल्यासारखी चाललीयत आणि त्याच वेळी ऑर्गनवर कोणीतरी फ्यूगची (एकच चाल एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते अशा रचनेची) प्रॅक्टिस करतंय, तो फ्यूग आइव्ह्जच्या वडिलांचा. म्हणजे दोन वेगळ्या कामात असलेली माणसं एकाच आवारात. ऐकताना पियानो आणि व्हायोलिन जुळत नाहीयेत असं वाटलं की समजा बरोबर जागी आलात. दुसरा भाग संथ, "जीझस लव्ज मी" ची चाल, पण पियानोत सुरुवातीला बारलाइन नाहीत, म्हणजे मात्रांचे खांबच काढून टाकलेत, सूर नुसते तरंगतात. आणि मग एकदम मध्येच पियानो दणदणाट करतो. तिथे टेम्पोच्या खुणेसोबत आइव्ह्जने "कॉनस्लगारॉको" असं इटालियन वाटणारं पण घरी बनवलेलं काहीतरी लिहिलंय, पोरं सभेतून सटकून ओढ्यावर जायची आणि दगड हाणत बसायची, ते दगड. मग परत शांत होतं आणि चाल परत येते. त्या दणदणाटाच्या जागी लिसित्सा अगदी बेदरकार आहे, दगड खरंच दगड वाटतात. हा भाग कोणी सांभाळून, छान आवाज काढत वाजवला तर सगळा विनोद मरतो.

तिसऱ्यात "शॅल वुई गॅदर अॅट द रिव्हर". चाल ओळखीची होतेय, होतेय, पूर्ण येते, आणि सोनाटा टाळी घेणारा शेवट न करता एकदम थांबतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ट्रॅक कट झालाय असं वाटतं. कट झालेला नाही.

आता वाजवण्याबद्दल, कारण मुलगी शिकतेय आणि टीचरनी हे ऐकायला का सांगितलं असेल त्याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. व्हायोलिनवाल्याचा कान सवयीने साथीकडे झुकतो. पियानोत जो कॉर्ड आहे त्यात आपला सूर मिसळावा म्हणून बोट नकळत किंचित वर-खाली सरकतं, ब्राह्म्समध्ये हे गुण म्हणून मोजलं जातं. आइव्ह्जमध्ये तसं केलं की संपलं. पियानो एका पट्टीत आणि व्हायोलिन दुसऱ्या पट्टीत असताना व्हायोलिन पियानोकडे जरा जरी सरकलं तर दोन पट्ट्या ऐकू येत नाहीत, एकच घाण पट्टी ऐकू येते. आपल्या पट्टीचा षड्ज मनात घट्ट धरून, शेजारी काहीही चाललं असलं तरी, त्यातच सुरात राहायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. हानचं इंटोनेशन, म्हणजे सुराचा नेमकेपणा, तिच्या बाखमुळे लोकांना माहीत आहे, ती फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतशाळेत याशा ब्रॉडस्कींकडे शिकली, ते बेल्जियन व्हायोलिनवादक इझाईचे शिष्य, ती सगळी शिस्त तिच्या हातात आहे, आणि मला वाटतं त्या शिस्तीचा खरा कस बाखपेक्षा इथे लागतो. ती झुकत नाही. म्हणून तुम्हाला भांडण इतकं स्पष्ट ऐकू आलं, कमी पक्का वाजवणारा असता तर नुसतं गढूळ ऐकू आलं असतं आणि तुम्ही कदाचित प्रश्नही विचारला नसता.

लयीचंही तसंच. व्हायोलिन तीनच्या गटात आणि पियानो चारच्या, किंवा व्हायोलिनचा जोर भलत्याच मात्रेवर, असं सारखं चालतं. तालमीत आम्ही काय करतो तर आधी अर्ध्या वेगात सगळ्यात लहान मात्रा दोघांनी तोंडाने म्हणत वाजवायचं, मग ती म्हणणं बंद करायचं पण मनात चालू ठेवायचं, आणि व्हायोलिनवाल्याने फक्त आपला पार्ट न बघता पियानोचा पार्ट असलेला पूर्ण स्कोअर बघून शिकायचं. एकमेकांना ऐकून जुळवायला गेलं की हमखास घसरतं, कारण जुळवायचं नाहीचये, आपापल्या रस्त्याने जाऊन ठरलेल्या जागी भेटायचंय. या अल्बममध्ये त्या भेटीच्या जागा ऐका, प्रत्येक वेळी दोघी सेकंदाच्या तुकड्यानेही इकडे-तिकडे नाहीत. या दोघींनी ध्वनिमुद्रणाआधी हे सोनाटा मैफिलींमध्ये वाजवले होते आणि ते कळतं, नुसतं वाचून उतरवलेलं हे वाटत नाही.

सगळं कौतुकच करतेय असं नको. दुसऱ्या सोनाटाचा मधला भाग, "इन द बार्न", म्हणजे धान्याच्या कोठारातला नाच, त्यात "टर्की इन द स्ट्रॉ" आणि नाविकांच्या हॉर्नपाइप नाचाच्या चाली घुसतात, तिथे मला हान जरा जास्तच सभ्य वाटते. गावातला फिडलवाला गज तारेवर घासतो, दोन तारा एकदम ओढतो, घाम गाळतो, ही बाई तिथेही स्वच्छ कपड्यात आहे. पियानोत मात्र लिसित्सा ड्रमसारखे कॉर्ड मस्त आपटते. आइव्ह्ज लहानपणी बँडच्या ड्रमची प्रॅक्टिस पियानोवर करायचा, डाव्या हाताने सूर-बिर न बघता मूठभर नोटा दाबून, ते त्याच्या लिखाणात कायमचं राहिलं. याच सोनाटाचा शेवटचा भाग "द रिव्हायव्हल" मात्र ऐकाच. हळू आवाजात सुरू होऊन सभेला अंगात आल्यासारखा चढत जातो आणि कळसावरून एकदम खाली उतरून शांतपणे संपतो. तिथे दोघींचंही जमून आलंय.

हे संगीत कानाला खटकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या चांगल्यांना खटकलंय. १९१४ च्या सुमाराला मिल्के नावाचा एक जर्मन व्हायोलिनिस्ट आइव्ह्जच्या घरी पहिला सोनाटा वाजवून बघायला आला होता, पहिल्या पानापुढे सरकला नाही आणि कानावर हात ठेवून खोलीबाहेर आला, असं आइव्ह्जने नंतर लिहिलं. त्याचा आइव्ह्जवर इतका परिणाम झाला की त्यानंतरचा तिसरा सोनाटा त्याने मुद्दाम जरा मवाळ केला आणि पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल स्वतःवरच चिडून होता. मला तिसरा सोनाटा आवडतो, त्याची चीड मला पटत नाही, पण ऐकणाऱ्यासाठी हे सोयीचं आहे: चौथ्यानंतर तिसरा लावा, तो लांब आहे पण पाय ठेवायला जागा देतो, मग दुसरा, मग पहिला. त्या पहिल्यातही मधल्या भागात "द ओल्ड ओकन बकेट" ची आठवणीतली चाल आणि युद्धाचं "ट्रॅम्प, ट्रॅम्प, ट्रॅम्प" शेजारीशेजारी आहेत, तिथे पोचेपर्यंत कान तयार झालेला असेल.

दुसरं कोणाचं ऐकायचं असेल तर योझेफ सिगेटी आणि आंदोर फोल्देश यांचं चौथ्या सोनाटाचं १९४२ चं रेकॉर्डिंग, आवाज जुना, खरखर आहे, पण सिगेटीचा गज बोलल्यासारखा चालतो आणि आइव्ह्ज जिवंत असतानाचं ते वाजवणं आहे. पॉल झुकॉफ्स्की आणि गिल्बर्ट कॅलिश यांचं जास्त कोरडं, हाडं दिसणारं, नोटेशन हातात घेऊन ऐकायला उत्तम, मजेसाठी लावायला नाही. राफाएल ड्रुइयन आणि जॉन सिम्स यांचं पन्नासच्या दशकातलं, ते मला सगळ्यात माणसाळलेलं वाटतं. पण चारही एकत्र, आजच्या ध्वनिमुद्रणात आणि नवख्या कानासाठी विचारलं तर मी हान-लिसित्साच सांगेन.

अमेरिकन क्लासिकल म्हणजे सगळं असंच का, तर मुळीच नाही. हानचंच २००० सालचं सॅम्युएल बार्बरच्या कॉन्चर्टोचं (एकटं वाद्य पुढे आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशा रचनेचं) रेकॉर्डिंग ऐका, सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ह्यू वुल्फ, सोबत एडगर मायरचा तिच्यासाठी लिहिलेला कॉन्चर्टो. बार्बरचा फिलाडेल्फियात १९४१ ला अल्बर्ट स्पॉल्डिंगने पहिल्यांदा वाजवला. पहिले दोन भाग इतके गाते आहेत की आधुनिक म्हणायला जीभ रेटत नाही, आणि तिसरा चारेक मिनिटांचा न थांबता पळणारा भाग, त्यात व्हायोलिनला श्वास घ्यायला जागा नाही. तुमच्या घरी सगळ्यांना आवडेल, पैज लावते. जेनिफर हिग्डनचा कॉन्चर्टोही तिच्याचसाठी लिहिलेला, २०१० चं पुलित्झर त्याला मिळालं, पहिल्या भागाचं नाव "१७२६", म्हणजे कर्टिस इन्स्टिट्यूटचा लोकस्ट स्ट्रीटवरचा घर नंबर. तो बार्बरनंतर.

मुलीने हे वाजवायला घ्यावं का? चौथ्याचा पहिला भाग बोटांच्या दृष्टीने तिच्या अगदीच आवाक्याबाहेर नाही, अवघड आहे ते मोजणं आणि पियानिस्ट मिळणं, कारण पियानोचा पार्ट बारा वर्षांच्या मुलासाठी वगैरे अजिबात लिहिलेला नाही, नेहमीचा परीक्षेला साथ करणारा पियानिस्ट बहुतेक वेळा नाही म्हणतो. तोवर घरी एक करता येईल. "शॅल वुई गॅदर अॅट द रिव्हर" ची चाल तिला डी मेजरमध्ये पाठ वाजवू दे, आणि तुम्ही फोनवरच्या तानपुऱ्याच्या अॅपवर षड्ज ई फ्लॅट लावा, म्हणजे तिच्या सा पेक्षा अर्धा सूर वर. सुरुवातीला दोन ओळींत बोटं सरकतील आणि ती वैतागेल, मग हळूहळू सरकायची थांबतील. तेवढं जमलं की टीचरना सांगा पहिल्या पानाची झेरॉक्स द्यायला.